वाचक विचारतात : 'कऱ्हाड' का सापडत नाही?

संगणक, मोबाइल आणि त्यांच्याभोवतीचं आपलं रोजचं जगणं यांविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरं देणाऱ्या लेखिका सांगलीत अक्षरजुळणीचा व्यवसाय करतात.

ताई, माझ्या वडिलांनी आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं. १९९८ साली ते आम्ही संगणकावर टाइप करून घेतलं. हस्तलिखित २०२१च्या पुरात गेलं. सीडी भावाकडे होती म्हणून वाचली. आता फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं दिसतात. मजकूर गेला असं समजायचं का?
— निवृत्त शिक्षिका, चिपळूण

नाही, मजकूर गेलेला नाही. पडद्यावर जे दिसतंय ती तुमच्या वडिलांचीच वाक्यं आहेत, एकही शब्द कमी झालेला नाही. फक्त ज्या फॉन्टमधून ती मराठी दिसायची तो फॉन्ट तुमच्या संगणकात नाही.

झालं होतं असं. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. इंग्रजीसाठी १२८ क्रमांकांचा एक तक्ता १९६३ पासून ठरलेला होता, त्याला आस्की म्हणतात. त्यात मराठीला जागाच नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी सरळ इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर आपले आकार बसवले. डोळ्यांना 'क' दिसायचा, पण संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी 'डी' किंवा 'एस'च असायचा. त्यातही प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा. एकीचा 'क' तो दुसरीचा 'ळ'. आम्ही डीटीपीवाले तेव्हा गिऱ्हाइकाच्या फायलीबरोबर त्याचा फॉन्टही फ्लॉपीत घालून द्यायचो, कारण फॉन्ट नसेल तर पुढच्या छापखान्यात काहीच वाचता यायचं नाही.

यावर उपाय काढला गेला नव्हता असं नाही. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक काढलं. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं त्यावर चालणारी सॉफ्टवेअरं केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना एकच क्रमांक ठरवून देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग होता, तोही इस्कीच्याच मांडणीवर बेतलेला. पण मानक छापून येणं वेगळं आणि ते घरातल्या संगणकात उतरणं वेगळं. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड पहिल्यांदा आलं ते विंडोज २००० मध्ये, 'मंगल' फॉन्टसह. तो फॉन्ट आपले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. म्हणजे तुमच्या वडिलांची फाइल तयार झाली तेव्हा विंडोजवर युनिकोडचा मार्गच उपलब्ध नव्हता. टाइप करणाऱ्याला दोष देऊ नका.

आता काय करायचं ते सांगते. मूळ फाइल तशीच ठेवा आणि तिची एक प्रत करून त्या प्रतीवर काम करा. फाइल वर्डमध्ये उघडून मजकुरावर कर्सर नेलात की वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसेल. फॉन्ट संगणकात नसला तरी नाव दिसतं. ते लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्या नावावर अवलंबून आहे. प्रचलित जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मोफत मिळतात. आधी एकच पान टाकून बघा. नाव जुळलं तर वडिलांची भाषा लगेच समोर येईल.

पण तिथे थांबू नका. परिवर्तकानं दिलेला मजकूर शंभर टक्के बरोबर कधीच नसतो आणि त्याच्या चुका ठरलेल्या जागी असतात. जुन्या फॉन्टात चिन्हं दिसण्याच्या क्रमानं टाइप होत. पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, रफार मात्र अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे 'धर्म' लिहिताना 'र्' आधी येतो आणि 'म' नंतर. परिवर्तकाची इथेच गफलत झाली की 'धर्म'चं 'धमर्' होतं, 'वर्ष'चं 'वषर्', 'कार्य'चं 'कायर्'. हे पकडायला सोपी युक्ती आहे. शोधाच्या खिडकीत 'र्' लिहून त्यापुढे एक मोकळी जागा द्या. मराठीत शब्दाच्या शेवटी पाय मोडलेला 'र' सहसा येत नाही, त्यामुळे जे सापडेल ते जवळपास सगळं चुकीचंच असेल. एवढं झालं की मग छापून घ्या आणि दोघांनी मिळून वाचा, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं प्रतीवर बोट फिरवत जायचं. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या नजरेतून काही सुटणार नाही. शिवाय वडील कुठला शब्द कसा वापरत हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत असणार?

शेवटी तो मजकूर तीन रूपांत ठेवा : यूटीएफ-८ मधली (ही युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) साधी टेक्स्ट फाइल, पीडीएफ आणि कागद. टेक्स्ट फाइल आवर्जून ठेवा. ती उघडायला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही, नातवंडांनाही लागणार नाही.

आणि एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक अधिसूचित केलं. तरी आजही एखाद्या कार्यालयातून जुन्या फॉन्टातली जाहिरात आमच्या दुकानात येते. आज ज्या सार्वजनिक नोंदी अशा लिहिल्या जाताहेत, त्या वाचण्यासाठी पुढच्या पिढीला तुमच्यासारखीच धडपड करावी लागेल. मला याची चीड येते.

आमच्या वाचनालयाची सूची संगणकावर आहे. 'कऱ्हाड' शोधलं की काही पुस्तकं येतात, काही येत नाहीत. न येणाऱ्या नोंदी उघडून पाहिल्या तर शब्द तस्साच लिहिलेला दिसतो. दोष संगणकाचा की आमचा?
— ग्रंथपाल, कऱ्हाड

दोघांचाही नाही. हे दोन शब्द पाहा : 'कऱ्हाड' आणि 'कर्‍हाड'. तुम्हाला फरक दिसणार नाही, मलाही दिसत नाही. पण पहिल्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह, आहे. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह आहे. युनिकोडमध्ये हा आडवा अर्धा 'र' लिहायच्या दोन्ही पद्धती मान्य आहेत. जोडचिन्हाची पद्धत जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली आहे. कोणता कळफलक वापरला त्यावर कोणती पद्धत उमटते ते ठरतं. संगणक क्रमांक जुळवतो, त्याला आकार दिसत नाही, म्हणून त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं आहेत.

'वऱ्हाड', 'गोऱ्हे', 'तऱ्हा', 'दऱ्या' या सगळ्यांचं हेच होतं. 'अॅ'चंही तसंच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र ठेवून काम भागवायचे आणि पुष्कळ जण आजही तेच करतात. म्हणजे तुमच्या सूचीत 'ॲरिस्टॉटल'ही बहुधा दोन असतील.

उपाय कंटाळवाणा आहे, पण पक्का आहे. सूचीचा पूर्ण साठा उतरवून घ्या, त्याची एक प्रत बाजूला ठेवा आणि शोधा-बदला वापरून जोडचिन्हाचा आडवा 'र' सगळीकडे 'ऱ्' करून घ्या. 'ॲ'साठीही तेच करा. मग नोंदी करणाऱ्यांच्या टेबलावर एक कागद लावा, त्यावर कोणता कळफलक वापरायचा आणि कोणती कळ दाबायची ते लिहा. सॉफ्टवेअर देणाऱ्याला सांगून शोधतानाच दोन्ही रूपं एक धरायची सोय करून घेता आली तर उत्तमच. हे काम फार अवघड नाही, पण ते मागावं लागतं. हिंदीत हा आडवा 'र' वापरत नाहीत, त्यामुळे मराठी न येणाऱ्या प्रोग्रामरला ही अडचण आहे हेच कळत नाही. आपण सांगितलं नाही तर सांगणार कोण?

तुमच्याकडे पुस्तक सापडत नाही एवढंच होतं. हाच घोळ मतदार यादीत किंवा शिधापत्रिकेच्या नोंदीत झाला तर खिडकीपलीकडचा माणूस सांगतो, "तुमचं नाव यादीत नाही." म्हणून मी असल्या बारीक गोष्टींच्या मागे लागते.

युरोपात म्हणे सरकारनं कायदा करून सगळ्या मोबाइलला एकच चार्जर सक्तीचा केला. अशी सक्ती केली तर कंपन्या नवं काही शोधतील का?
— एक वाचक, ठाणे

२८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला यूएसबी टाइप-सी असलंच पाहिजे, असा तो कायदा आहे. मला तो पटतो, कारण आधी समजुतीनं सांगून झालं होतं. २००९ साली कंपन्यांनी स्वेच्छेनं करार केला, त्यामुळे तीसेक प्रकारचे चार्जर तीनांवर आले आणि तिथेच अडले. उरलेल्या कंपन्या आपण होऊन हलल्या नाहीत. कायदा मंजूर झाला आणि आयफोननंही सप्टेंबर २०२३ मध्ये टाइप-सी घेतलं.

तुमची शंका रास्त आहे, पण टाइप-सी काही सरकारनं बसून शोधलेलं नाही. ते या उद्योगानंच २०१४ साली ठरवलं होतं. कायदा एवढंच म्हणतो की ठरवलंय ना, मग वापरा. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनंही टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं आहे.

खरेदी करताना मात्र जपा. तोंड सारखं असलं तरी केबल सारखी नसते. काही केबली ६० वॉटपर्यंतच्या असतात, काही २४० वॉटपर्यंतच्या. वेष्टनावर आकडा नसेल तर घेऊ नका.

आमच्या बचत गटाच्या बायकांना बैठकीचे संदेश मोबाइलवर जातात. मराठीत पाठवले की कंपनी दोन-दोन संदेशांचे पैसे लावते, इंग्रजीत एकाचेच. ही फसवणूक आहे का? इंग्रजीत पाठवायला लागलो तर निम्म्या जणींना वाचता येत नाही.
— बचत गटाच्या सचिव, सोलापूर जिल्हा

फसवणूक नाही, पण अन्याय आहे, आणि तो मानकातच बसलेला आहे. एका एसएमएसला १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट जागा असते. इंग्रजीची चिन्हं सात-सात बिटांत बसतात, म्हणून १६० मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सोळा बिट घेतं, म्हणून ७०. संदेशात इंग्रजीबरोबर एक जरी मराठी अक्षर आलं तरी पूर्ण संदेश ७०च्या हिशेबात जातो. लांबला तर तुकडे पडतात आणि मग एका तुकड्यात ६७च मावतात, कारण तुकडे जोडण्याच्या खुणेलाही जागा लागते.

आणि ७० म्हणजे ७० अक्षरं नव्हेत. 'उद्या' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, पण उ, द, हलन्त, य आणि काना अशी त्यात पाच चिन्हं आहेत. 'उद्या सकाळी दहा वाजता बैठक आहे' हे वाक्य मोकळ्या जागांसकट ३० चिन्हांचं होतं. म्हणजे अजून ४० शिल्लक राहतात, त्यात ठिकाण आणि काय आणायचं ते बसतं. 'सर्व सन्माननीय सभासद भगिनींना कळविण्यात येते की' हे काढून टाका, तुमच्या बायकांना त्याची गरज नाही.

मराठी मात्र सोडू नका. ज्या सभासदाला वाचताच येत नाही तिला पाठवलेला स्वस्त संदेश वायाच जातो. एखादीचा साधा बटणांचा फोन मराठी दाखवत नाही असं कोणी सांगितलं, तर त्याचंही मानक आहे हे लक्षात ठेवा. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ प्रमाणे देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर २२ भारतीय भाषांतला मजकूर वाचता आलाच पाहिजे. नवा फोन घेताना दुकानातच मराठी संदेश पाठवून बघा.

आईचे तपासणी-अहवाल पुण्याहून येतात. '०५/०६' म्हणजे आमच्या इथल्या डॉक्टरांना सहा मे वाटतो. काय करावं?
— एक वाचक, न्यू जर्सी

फायलीला नाव देताना तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा : २०२५-०६-०५. आयएसओ ८६०१ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे. दोन्ही देशांत तिचा एकच अर्थ होतो आणि फायली आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. डॉक्टरांच्या हाती द्यायच्या कागदावर महिना अक्षरांत लिहा, औषधपाण्याच्या बाबतीत तेच बरं.

मुलगी तिसरीत आहे. मोबाइलवर बघून ती 'ल' आणि 'श' हिंदीसारखे काढते आणि बाई खोडतात. बाईंचं बरोबर की मोबाइलचं?
— एक पालक, नागपूर

बाईंचं. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानं मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली आहेत. त्यात मराठी 'ल' पाकळ्यांचा आहे आणि 'श' देठाचा. मुलीनं शाळेत तेच गिरवावेत.

पण मोबाइलही चुकीचा नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नाही. युनिकोडमध्ये हिंदी 'ल' आणि मराठी 'ल' यांचा क्रमांक एकच आहे आणि ते योग्यच आहे, नाहीतर नागपुरात टाइप केलेला 'लाल' भोपाळमध्ये शोधून सापडला नसता. वळण बदलण्याचं काम फॉन्टचं. 'नोटो सान्स देवनागरी'सारख्या फॉन्टांत दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की फॉन्ट आपला 'ल' पुढे करतो. तर फोनची भाषा मराठी करून बघा. संगणकावर मजकूर निवडून त्याची भाषा मराठी ठरवा. वेबसाइट करणाऱ्यांनी तर पानाच्या सुरुवातीला भाषेची खूण घालायलाच हवी. एका ओळीचं काम आहे, पण मराठी शाळांसाठी केलेल्या साइटींवरही ते राहून गेलेलं दिसतं. ते झालं नाही म्हणून तिसरीतल्या मुलीची वही लाल होते. मुलीला मात्र सांगा की दोन्ही अक्षरं आपलीच आहेत. जुनी हस्तलिखितं आणि छापील पोथ्या चाळल्या तर याहूनही निराळी वळणं तिला भेटतील.

माझं किराणा दुकान आहे. हल्ली पाच रुपयांच्या कोथिंबिरीलाही लोक मोबाइल काढतात. रेंज गेली की सगळा धंदा उधारीवर. वर महिन्या-दोन महिन्यांनी बातमी येते की यूपीआयवर शुल्क लागणार. या सगळ्याचा सामान्य माणसाला फायदा काय?
— दुकानदार, कुडाळ

फायदा आहे, आणि तो तुमच्या गल्ल्याशेजारी चिकटवलेल्या त्या क्यूआर कोडच्या चौकोनातच आहे. तो कोणत्या बँकेनं दिला हे गिऱ्हाइकाला बघावं लागत नाही आणि गिऱ्हाइकाचं ॲप कोणतं हे तुम्हाला विचारावं लागत नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं २०१६ साली यूपीआय आणलं तेव्हा त्यात येणाऱ्या सगळ्या बँकांना एकाच नियमावलीवर बसवलं, म्हणून हे शक्य झालं. नाहीतर प्रत्येक कंपनीचा वेगळा चौकोन भिंतीवर लावावा लागला असता आणि ज्याच्याकडे ते ॲप नाही तो परत गेला असता.

शुल्काच्या बातमीबद्दल. दुकानदाराकडून यूपीआयसाठी घ्यायचं शुल्क सरकारनं जानेवारी २०२० पासून शून्य ठेवलं आहे. मार्च २०२३ मध्ये १.१ टक्क्याची बातमी घरोघरी फिरली होती, ती अर्धवट होती. ते शुल्क होतं वॉलेटमधून, म्हणजे ॲपमध्ये आधी भरून ठेवलेल्या पैशांतून, दुकानदाराला दिलेल्या २,००० रुपयांवरच्या रकमेसाठी. बँक खात्यातून बँक खात्यात जाणाऱ्या पैशांशी आणि गिऱ्हाइकाशी त्याचा संबंध नव्हता. पुन्हा अशी बातमी आली की शुल्क कोणी भरायचं आणि पैसे कुठून निघालेले असले तर, एवढं शोधा. बातमीत ते नसेल तर ती पुढे पाठवू नका.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. नियमावली सगळ्यांची असली तरी व्यवहारांचा ऐंशी टक्क्यांच्या आसपासचा वाटा फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपांतून जातो. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये असा नियम २०२० मध्येच झाला, पण त्याची मुदत लांबत लांबत २०२६च्या अखेरीपर्यंत गेली. दार सगळ्यांना उघडं आहे, पण ये-जा दोघांचीच चालते. म्हणून गिऱ्हाइकांना वेगवेगळी ॲपं वापरायला सांगा, बँकेचं स्वतःचं ॲपही चालतं.

रेंजचं म्हणाल तर साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे देता यावेत म्हणून मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' आणलं गेलं. ते लोकांपर्यंत पोचवायला बँकांनी जेवढे कष्ट घ्यायला हवे होते तेवढे घेतलेले मला दिसत नाहीत. आणि रोख पैसे गल्ल्यात ठेवाच. तुमच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नोटा मोजताना जो विश्वास वाटतो तो कोणी हिरावून घेऊ नये.

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका व्याख्यानात सांगितलं की मुक्त सॉफ्टवेअर कोणीही बदलू शकतं म्हणून ते धोक्याचं, त्यासाठी एक्सझेडचं उदाहरण दिलं. मग त्यावर बँका आणि सरकार विसंबतात कसे?
— विद्यार्थी, पुणे

उदाहरण खरं आहे, पण अर्धंच सांगितलं गेलं. एक्सझेड हे फायली आकसून लहान करणारं साधन आहे, लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर जवळजवळ सगळीकडे असतं. ते वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा फिनलंडचा एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावानं कोणीतरी २०२१ पासून मदत करत त्याचा विश्वास मिळवला आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६ या आवृत्तीत चोरदरवाजा घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्यानं पाठपुरावा केला आणि ते उघडकीला आलं. बहुतेक सर्व्हरपर्यंत ते पोचायच्या आत.

आता याच्या शेजारी १९ जुलै २०२४ ठेवा. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभर ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर बंदिस्त होतं, मोठ्या कंपनीचं होतं आणि त्याचे भरपूर पैसे मोजलेले होते. ते आपल्या यंत्रावर उतरण्याआधी आत डोकवायची सोय कोणाही ग्राहकाला नव्हती. फ्रॉइंडला ती होती.

तुझ्या व्याख्यात्यांनी बोट ठेवायला हवं होतं ते कॉलिनच्या एकटेपणावर. बँका आणि सरकारं त्याचं काम फुकट वापरत होती, पण त्याच्या दिमतीला एक माणूस देणं कोणाला सुचलं नाही. जगभरच्या संगणकांना कुठल्या गावात किती वाजलेत हे सांगणारी कालविभागांची नोंदसुद्धा अशीच थोडे स्वयंसेवक सांभाळतात. 'एशिया/कोलकाता' हे नाव तुझ्या फोनमध्ये तिथूनच आलंय. मुक्त सॉफ्टवेअरला तपासनीस मिळतात ते कोणीतरी वेळ देतं म्हणून. परवान्यात लिहिलं म्हणून आपोआप कोणी तपासत बसत नाही.

म्हणून तुला एक काम सुचवते. लिबरऑफिस या वर्डसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी शब्दलेखन-तपासणी आहे, तिच्यामागे एक शब्दांची फाइल आणि एक प्रत्ययांच्या नियमांची फाइल असते, दोन्ही साध्या टेक्स्टच्या. 'घर' शब्द यादीत असला तरी 'घरासमोरच्यांना' बरोबर ठरण्यासाठी सामान्यरूप, शब्दयोगी आणि त्यापुढचे प्रत्यय एकावर एक कसे चढतात हे नियमांत लिहावं लागतं. ते अपुरं आहे, म्हणून आपल्या चांगल्या मराठी शब्दांखाली लाल रेघा येतात आणि पोरं तपासणीच बंद करून टाकतात. याला प्रोग्रामिंग थोडं लागतं आणि व्याकरण पुष्कळ. तेव्हा शेजारच्या कॉलेजातल्या मराठी विभागातून कोणाला तरी बरोबर घे. एका वेळी एकच प्रकार धरा, समजा फक्त आकारान्त पुल्लिंगी नामं : 'घोडा, घोड्याला, घोड्यांसमोर'. आधी काम केलेल्यांची नावं आणि परवाना बहुधा फायलीतच किंवा तिच्याबरोबर मिळतील. त्यांना पत्र लिहून काय करणार आहात ते सांगा, मगच हात घाला. प्रत्ययांच्या नियमांत कुठे अडलात तर उदाहरणांसह मला लिहा, मी उत्तर देईन.